तीन दिवसांचं डायव्हर्सिटी ट्रेनिंग आणि तो बॉक्स, घ्यावं की नाही?

आधी रेटिंग सांगून टाकते, पाचपैकी तीन. त्यातला एक स्टार तर एकट्या दुसऱ्या दिवसाच्या सरांचा, ते नसते तर दोनवर भागवलं असतं.

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका सिनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते आणि जे काम कोणालाच नको असतं ते फिरून फिरून सीएचबीवाल्यांच्या (म्हणजे आम्हा तासिकावाल्यांच्या) गळ्यात पडतं, तसं समान संधी केंद्र माझ्याकडे आलं. नॅक (कॉलेज तपासून ग्रेड देणारे) तोंडावर आलेलं, फाईल रिकामी, मग कोणीतरी पुण्याकडची एक संस्था शोधून काढली जी तीन दिवसांत आपल्याला शिकवते आणि मग आपण आपल्या कॉलेजात पोरांचं डायव्हर्सिटी अँड इन्क्लुजन (म्हणजे वेगळ्या माणसाला सामावून घ्यायचं) ट्रेनिंग घ्यायचं. माणशी साडेतीन हजार, वर एक बॉक्स. आम्ही अकरा जण होतो, जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडचे.

बॉक्समधे एक मॅन्युअल, ५२ पत्ते (प्रश्नांची कार्डं), चार पोस्टर आणि एक छोटी पितळी घंटी (ही कशाला ते शेवटपर्यंत कळलं नाही, माझी मुलगी खेळते तिच्याशी). पत्ते छान जाड आहेत, छपाई मस्त. मॅन्युअलचं मराठी मात्र कोणी केलंय देव जाणे. मायक्रोअग्रेशनला लिहिलंय 'सूक्ष्म आक्रमकता'. मी वर्गात तस्संच वाचलं तर मागून एक पोरगं म्हणतं, मॅडम बॅक्टेरिया का? अहो टोमणा म्हणा ना! 'कोट्यातून आला तरी बोलतो छान', 'तू त्यांच्यातली वाटतच नाहीस', हे टोमणेच आहेत, आपल्याकडे शब्द आहे आणि तो पोराला पहिल्या फटक्यात कळतो. सेफ स्पेसचं, म्हणजे न घाबरता बोलता येईल अशा जागेचं, केलंय 'सुरक्षित अवकाश', त्यावर अर्धा वर्ग इस्रोत जाऊन आला.

पहिला दिवस सगळा प्रोजेक्टरवर. त्यात मोबाईलवर ती मनातला पूर्वग्रह मोजायची टेस्ट घेतली, १९९८ मधे अमेरिकेत निघालेली, गोरे-काळे चेहरे येतात आणि आपण पटापट बटणं दाबायची. मी सकाळी दिली तर एक निकाल आला, जेवणानंतर गंमत म्हणून परत दिली तर दुसराच. ट्रेनर मॅडमना विचारलं, त्या हसल्या फक्त. आणि गोऱ्या-काळ्याचं मला मान्य आहे हो, पण इथे चेहरा कोण बघतं, इथे आडनाव बघतात. 'आडनाव काय? गाव कोणतं? म्हणजे वरच्या आळीतले का खालच्या?' तीन प्रश्नांत काम होतं, बटण लागत नाही.

मग ती प्रसिद्ध प्रिव्हिलेज वॉक, म्हणजे कोणाला किती सोयी आयत्या मिळाल्या ते बघायचा खेळ. सगळ्यांनी एका रेषेत उभं राहायचं, पत्ता वाचला की ज्याला लागू तो एक पाऊल पुढे. 'लहानपणी विमानाने सुट्टीला गेलात का', कोणी हललं नाही. 'घरात ५० पेक्षा जास्त पुस्तकं होती का', दोघं हलले. अकरातले नऊ प्राध्यापक जिथल्या तिथे उभे, ट्रेनर मॅडमना वाटलं आम्हाला खेळ समजला नाही. खरा त्रास मला नंतर झाला, पोरांबरोबर करताना. तोपर्यंत मी पत्ते बदलले होते, घरी पाणी टँकरचं येतं का, कॉलेजला यायला दोन एसटी बदलता का, असे, आणि लागू तो एक पाऊल मागे. आता पावलं बरोबर पडायला लागली आणि वीस मिनिटांनी हॉस्टेलची एक मुलगी भिंतीला टेकलेली, एकटी, सगळा वर्ग तिच्याकडे वळून बघतोय. तिची गरिबी तिला माहीत होतीच की, ती दाखवून मी बाकीच्यांचं ट्रेनिंग केलं. दोन दिवस मला नीट झोप नाही लागली. हा धोका मॅन्युअलमधे कुठेतरी लिहायला नको?

आता मी काय करते ते सांगते, ज्यांनी बॉक्स घेतलाय त्यांना उपयोगी पडेल. पोराने स्वतः म्हणून उभंच राहायचं नाही. प्रत्येकाला चिठ्ठी द्यायची, चिठ्ठीत दुसराच माणूस. रावेरच्या केळी बागायतदाराचा मुलगा. भुसावळची, वडील लोको पायलट. साक्री तालुक्यातली, घरचे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. यावलचा, एका कानाने ऐकू येत नाही. ट्रान्सजेंडर विद्यार्थी, हॉस्टेलची खोली मिळेना (सुप्रीम कोर्टाने २०१४ च्या नालसा निकालात स्वतःची ओळख स्वतः सांगायचा हक्क मान्य केलाय, आमच्या हॉस्टेलच्या फॉर्मवर रकाने अजून दोनच). मग प्रश्न विचारायचे, उद्या पाचशे रुपये भरायचेत, भराल? रात्री आठला लायब्ररीतून एकट्याने घरी जाल? हो असेल तर एक पाऊल पुढे. एका दांडग्या पोराला साक्रीवाल्या मुलीची चिठ्ठी आली, तो शेवटपर्यंत जागचा हलला नाही आणि वैतागून म्हणे, मॅडम हा पत्ता चीटिंग आहे, बदलून द्या. मी म्हटलं बदलून मिळत नाही. बस, त्यावर पाऊण तास चर्चा झाली, मला तोंड उघडावं लागलं नाही.

दुसरा दिवस, ज्यासाठी पैसे वसूल. दिव्यांग विषयाचे सर स्वतः व्हीलचेअरवर आणि आपला हॉल पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आयोजकांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. शिपाई मामा म्हणे आम्ही उचलून नेतो की साहेबांना, चौघं आहोत. सर म्हणाले, मामा मी काय गणपती आहे का, तुम्हीच खाली या. मग सगळं सेशन पोर्चमधे, गाड्यांच्या मधे. त्यांनी टेप काढला आणि आमचा रॅम्प मोजायला लावला. हिशोब असा की एक फूट चढायला बारा फूट उतार पाहिजे, आमच्या तीन पायऱ्या म्हणजे दीड फूट, रॅम्प हवा अठरा फुटांचा, आहे सहा फुटांचा. तो रॅम्प फक्त मामांची मोटरसायकल वर घ्यायला कामाला येतो, तसं मामांनी स्वतःच कबूल केलं. २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, आधी सातच होते, हे मी बीएडला पाठ केलं होतं पण थॅलेसेमिया, सिकलसेल हे रक्ताचे आजारही त्यात आहेत हे डोक्यात शिरलं ते त्या पोर्चमधे, कारण नंदुरबारहून आलेल्या सरांच्या वर्गात सिकलसेलची पोरं आहेत आणि ती परीक्षेच्या दिवशी दुखणं घेऊन बसतात, हे ते सांगत होते.

जेवण चांगलं होतं. शेवभाजी बघून पुण्याच्या मॅडम दह्यावर राहिल्या.

तिसऱ्या दिवसाबद्दल तक्रार आहे आणि मोठी आहे. जातीचं सेशन पाऊण तासाचं, त्यात घटनेचं कलम १५ (भेदभावाला बंदी) आणि १७ (अस्पृश्यतेला बंदी) वाचून दाखवलं. चोपड्याकडच्या एका मॅडमनी डॉ. पायल तडवीचं नाव काढलं. आपल्या जळगावची मुलगी, मुंबईत डॉक्टरकीचं पीजी करताना २२ मे २०१९ ला तिने जीव दिला, जातीवरून छळाचा आरोप सिनिअर्सवर, ते सगळं कोर्टात गेलं. तर ट्रेनर म्हणाल्या विषय सेन्सिटिव्ह आहे, आपण पॉझिटिव्ह राहू या. खान्देशात बसून हे नाव सेन्सिटिव्ह म्हणून बाजूला ठेवायचं असेल तर मग ट्रेनिंग नेमकं कशाचं होतं? आणि यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०१२ चे समतेचे नियम, त्यावर एक स्लाईड नाही. मी घरी येऊन वाचले. वर्गात जात-जमात पुकारणं, राखीववाला म्हणून शिक्का मारणं, मार्क कमी पडले की जातीवर बोलणं, हे सगळं त्यात भेदभाव म्हणून स्पष्ट लिहिलंय. आमच्याकडे स्कॉलरशिपच्या वेळी क्लार्क दारात उभा राहून मोठ्याने ओरडायचा, 'बीसीवाल्यांनी ऑफिसात या'. इतकी वर्षं कोणालाच काही वाटलं नाही, मलाही नाही. ते आता बंद झालंय, नावं व्हॉट्सॅपवर एकेकट्याला जातात.

एक गोष्ट बॉक्सबाहेरची, ट्रेनिंगची नाही, आमची. पहिल्या तासाला मी पोरांना घरच्या बोलीत ओळख करून द्यायला लावते. अहिराणी, लेवा, गुजरी, उर्दू, सिंधी, पावरी. ज्या बहिणाबाई चौधरींच्या नावाचं आमचं विद्यापीठ आहे २०१८ पासून, तिची लेवा बोली आमच्या व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) कोणी बोलली तर बाहेरून आलेला परीक्षक हसतो, म्हणून हे. तर अमळनेरकडचा एक मुलगा, पुण्यात क्लासला असताना अहिराणीतल्या 'माले तुले' (मला तुला) वरून त्याला सहा महिने चिडवलेलं, हे त्यानेच भरल्या गळ्याने सांगितलं. त्याच्यानंतर धडगावचा पावरा मुलगा पावरीत बोलायला उठला आणि पहिला हसला कोण तर हाच. वर्ग गप्प. मी काहीच बोलले नाही, खरं तर सुचलंच नाही. मग तो स्वतःच त्याला म्हणाला, 'भाऊ, परत सांग ना, माले समजनं नही.' त्याने परत सांगितलं, सावकाश.

अजून एक, हे ट्रेनिंग पोरांना सक्तीचं करू नका. आम्ही पहिल्यांदा अटेंडन्सला जोडलं तर मागच्या बाकावर बारा जण हाताची घडी घालून, नंतर तर त्यांचे टोमणे वाढलेच. डॉबिन आणि कालेव या अमेरिकेतल्या दोन अभ्यासकांनी २०१६ मधे हेच लिहिलं होतं, सक्ती केली की माणूस उलट फिरतो. आता वही ठेवतो, ज्याला यायचंय त्याने नाव लिहायचं. पहिल्या वेळी नऊ नावं, आता तीस-पस्तीस येतात, काही चहाबिस्किटासाठी येत असतील, येऊ देत.

तर घ्यायचं का? कॉलेज पैसे देत असेल तर जा, पण आधी फोन करून विचारा की व्हीलचेअरवाले सर येणार आहेत का, येणार नसतील तर नुसत्या बॉक्ससाठी साडेतीन हजार घालू नका. पत्त्यांपैकी चाळीसेक कामाचे नाहीत, बाकीचे ठीक. आमचा बॉक्स स्टाफरूममधे पडून असतो, आसपासच्या कोणाला आठ दिवस बघायला हवा असेल तर घेऊन जा. घंटी सोडून.