व्हीसीडी, डीव्हीडी की ब्ल्यू-रे? खानदेशातील घरगुती संग्रहासाठी एक तुलना

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या पुष्कळ घरांत टीव्हीखालच्या कपाटात अजूनही चित्रपटांच्या आणि मालिकांच्या चकत्या पडून आहेत. दोन भागांतल्या व्हीसीडी, एकीतच तीन चित्रपट असलेल्या ‘थ्री इन वन’ डीव्हीडी आणि एखाद्या हौशी घरात चार-दोन ब्ल्यू-रे असा तो साठा असतो. जुना प्लेअर बंद पडला किंवा नवा मोठा टीव्ही आला, की यांतले काय ठेवावे, काय काढून टाकावे आणि नवे घ्यायचेच तर कशात घ्यावे, हा प्रश्न उभा राहतो. दुकानदार साहजिकच सर्वांत स्पष्ट चित्र देणारी चकती दाखवतो. माझ्या मते त्याआधी दोन गोष्टी पाहायला हव्यात: ती कलाकृती मुळात कशावर चित्रित झाली होती, आणि ती चकतीबाहेर कुठे मिळते का.

तांत्रिक फरक आधी पाहून घेऊ. १९९३ मध्ये मानक ठरलेल्या व्हीसीडीवर आपल्याकडच्या ‘पॅल’ या टीव्ही पद्धतीत ३५२ गुणिले २८८ बिंदूंचे चित्र बसते आणि एका चकतीत ७४ ते ८० मिनिटेच मावतात. म्हणूनच अडीच तासांच्या हिंदी चित्रपटाला दोन चकत्या लागत आणि ऐन रंगात उठून चकती बदलावी लागे. १९९६ मध्ये जपानमध्ये आलेल्या डीव्हीडीवर ७२० गुणिले ५७६ म्हणजे जवळजवळ चौपट बिंदू मिळतात, शिवाय सभोवतालून ऐकू येणारा ५.१ ध्वनी आणि हवी तेव्हा बंद करता येणारी उपशीर्षके. २००६ च्या ब्ल्यू-रेवर १९२० गुणिले १०८० म्हणजे डीव्हीडीच्या पाचपट बिंदू असतात आणि एका चकतीची क्षमता २५ किंवा ५० जीबी असते. २०१६ मध्ये आलेली फोर-के ब्ल्यू-रे याच्याही चौपट आहे, पण ५५ इंचांहून लहान पडद्यावर आणि नेहमीच्या अंतरावरून हा शेवटचा फरक बहुतेकांना जाणवणार नाही.

हे आकडे चकतीची कमाल क्षमता सांगतात, तिच्यावर प्रत्यक्ष काय भरले आहे ते सांगत नाहीत. ८.५ जीबीच्या दुहेरी थराच्या डीव्हीडीवर अडीच तासांचा एकच चित्रपट असेल, तर चित्राला सेकंदाला सरासरी साडेसात मेगाबिट माहिती मिळते. त्याच चकतीवर तीन चित्रपट कोंबले, की वाट्याला अडीच मेगाबिट येतात आणि धावपळीच्या दृश्यांत चित्र चौकोनी तुकड्यांत फुटू लागते. २००७ मध्ये मोझर बेअर या कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली. तेव्हापासून तालुक्याच्या गावीही घरोघरी संग्रह झाला, हे त्या स्वस्ताईचे मोठेच देणे आहे. मात्र त्या काळातील स्वस्त चकत्यांवर झिजलेल्या प्रिंटवरून घेतलेले चित्र आणि कोपऱ्यात कायमचा कंपनीचा शिक्का हेही पुष्कळदा वाट्याला आले. अशा डीव्हीडीपेक्षा तोच एक चित्रपट असलेली, नीट केलेली डीव्हीडी घेणे, हे ब्ल्यू-रेकडे वळण्याआधीचे आणि कमी खर्चाचे पाऊल आहे.

आता मूळ चित्रीकरणाचा मुद्दा. ३५ मिमी फिल्मवर काढलेल्या चित्रपटाच्या निगेटिव्हमध्ये डीव्हीडीला पेलणार नाही इतका तपशील असतो. ती निगेटिव्ह किंवा चांगली प्रिंट नव्याने स्कॅन झाली असेल, तर ब्ल्यू-रेवर कापडाचा पोत आणि अंधारातले चेहरे पहिल्यांदाच दिसतात. सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीच्या मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनमधील आगीत होरपळल्या होत्या. त्यांतला वाचलेला भाग आणि अन्य प्रती यांवरून झालेले पुनरुज्जीवन क्रायटेरियन या अमेरिकी कंपनीने २०१५ मध्ये ब्ल्यू-रेवर आणले; त्याच्यापुढे जुनी डीव्हीडी लावून पाहवत नाही. मालिकांचे गणित मात्र उलटे आहे. दूरदर्शनच्या सुवर्णकाळातील स्टुडिओत झालेल्या बहुतेक मालिका व्हिडिओ टेपवर चित्रित झाल्या आणि त्या टेपवर दिसणाऱ्या रेषाच ५७६ होत्या. डीव्हीडीत तेवढ्याच रेषा असल्याने ती अशा मालिकेचे जवळजवळ सर्वस्व टिपते, आणि ब्ल्यू-रेने चित्रात भर पडत नाही.

व्हीसीडी आणि डीव्हीडी यांतला फरक मालिकेत अधिक टोचतो. १९८८ ते १९९० या काळात प्रसारित झालेल्या ‘महाभारत’चे ९४ भाग आहेत. पाऊण तासाचा एक भाग धरला, तर व्हीसीडीवर एका चकतीत एकच पुरा भाग मावतो, आणि दुहेरी थराच्या डीव्हीडीवर पाच-सहा भाग बऱ्यापैकी दर्जात बसून सारा संच सोळा ते एकोणीस चकत्यांत आटोपतो. तेव्हा मालिकेसाठी डीव्हीडी, हा निर्णय मला निर्विवाद वाटतो.

मग व्हीसीडी टाकूनच द्यावी का? खानदेशात तरी घाई करू नये. कानबाईची गाणी, लग्नातली अहिराणी गाणी, स्थानिक कलावंतांची विनोदी प्रहसने, मालेगावच्या हौशी मंडळींनी काढलेले विडंबनपट यांतले पुष्कळसे साहित्य व्हीसीडीवरच निघाले आणि बसस्थानकाजवळच्या दुकानांत किंवा आठवडे बाजारात विकले गेले. त्यातले काही आता यूट्यूबवर आहे, पण सगळे नाही, आणि जे आहे तेही कधी तुकड्यांत तर कधी भलत्याच पार्श्वसंगीतासह. चित्र कितीही धूसर असो, दुसरी प्रत नसलेली व्हीसीडी कपाटातल्या कोणत्याही ब्ल्यू-रेपेक्षा मोलाची आहे. सुदैवाने तिच्यावर नक्कल रोखणारे कुलूप नसते: संगणकाला यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह जोडून ‘एमपीईजीएव्ही’ फोल्डरमधली ‘डॅट’ फाइल घरच्यासाठी उतरवून ठेवली, की संगणकावरच्या व्हीएलसी प्लेअर या सॉफ्टवेअरवर ती चालते.

हे काम लवकर करावे, कारण यांतल्या बऱ्याच चकत्या कारखान्यात ठसा मारून काढलेल्या नसून संगणकावर ‘राइट’ केलेल्या असतात. खालची बाजू स्वच्छ चंदेरी असेल तर ती बहुधा ठशाची. हिरवट, निळसर किंवा जांभळट असेल तर राइट केलेली, आणि तिच्यातला रंगद्रव्याचा थर उष्णतेने व उन्हाने खराब होतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जात असताना पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेल्या अशा चकतीकडून फार अपेक्षा करू नयेत. ओरखड्यांच्या बाबतीतही तिघी सारख्या नाहीत. व्हीसीडीचा माहितीचा थर छापील बाजूला लगटून असतो, त्यामुळे वरून पडलेला चरा जीवघेणा ठरतो. डीव्हीडीत तो दोन पातळ चकत्यांच्या मधोमध सुरक्षित असतो. ब्ल्यू-रेत खालच्या पृष्ठभागापासून अवघ्या ०.१ मिमीवर असला, तरी त्यावर कठीण लेप दिलेला असतो. तिन्ही चकत्या उभ्या ठेवाव्यात आणि पुसताना मधून कडेकडे पुसाव्यात.

परदेशातून मागवणाऱ्याने चकतीचा विभाग, म्हणजे ती जगाच्या कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालेल ते सांगणारा अंक किंवा अक्षर, पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. डीव्हीडीसाठी भारत पाचव्या विभागात आहे, तर ब्ल्यू-रेसाठी ‘सी’ विभागात. अमेरिकी डीव्हीडी पहिल्या विभागाची आणि अमेरिकी ब्ल्यू-रे ‘ए’ विभागाची असते, म्हणजे वर उल्लेखलेला अपूचा अमेरिकी संच इथे घेतलेल्या साध्या प्लेअरवर चालणार नाही. फोर-के चकत्यांना मात्र विभागाचे बंधन नाही, आणि आयात करणाऱ्यासाठी हाच त्यांचा मला सर्वांत पटणारा गुण आहे.

ओटीटी असताना हा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. जळगाव शहरात फायबर जोडणी असलेल्या घरासाठी नव्या चित्रपटांपुरते ते खरे आहे. परंतु सेकंदाला पाच मेगाबिट दराने अडीच तासांचा चित्रपट सुमारे साडेपाच जीबी खातो. अक्कलकुवा-धडगावच्या डोंगराळ भागात, रोजच्या दीड-दोन जीबीच्या मोबाइल पॅकवर, तो एका बैठकीत पाहून होत नाही. शिवाय हक्कांची मुदत संपली की चित्रपट यादीतून नाहीसा होतो.

माझा सल्ला असा. जुन्या मालिका आणि मराठी चित्रपट मुख्यतः हवे असतील, तर डीव्हीडी घ्यावी. मराठीत ब्ल्यू-रे निघाल्याच फार थोड्या. मोठा टीव्ही आहे आणि पुनरुज्जीवित अभिजात चित्रपटांची खरी ओढ आहे, त्याने निवडक ब्ल्यू-रे घ्याव्यात आणि घेण्याआधी वेष्टनावर नव्या स्कॅनचा उल्लेख शोधावा. व्हीसीडी नव्याने घेऊ नये. अपवाद फक्त अहिराणी साहित्याचा, आणि तीही मिळाली की त्याच आठवड्यात उतरवून घ्यावी.

प्लेअरच्या निवडीत मात्र सावध राहावे लागते. सॅमसंगने २०१९ मध्ये नव्या ब्ल्यू-रे प्लेअरचे काम थांबवले, त्यामुळे बाजारातले पर्याय रोडावले आहेत. चकती घालता येणारा प्लेस्टेशन ५ हा फोर-के ब्ल्यू-रे, ब्ल्यू-रे आणि डीव्हीडी चालवतो, पण सीडी वाचत नाही, म्हणजे व्हीसीडीही नाही. ब्ल्यू-रे प्लेअरांतही व्हीसीडी चालेलच याची खात्री नसते. तेव्हा जुना, चालता डीव्हीडी प्लेअर भंगारात देऊ नये. नव्या टीव्हीला पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची जागा नसेल, तर एव्ही ते एचडीएमआय जोडणारी छोटी डबी मिळते. वापरलेला ब्ल्यू-रे प्लेअर घेणाऱ्याने दुकानात जाताना तिन्ही प्रकारची एकेक चकती सोबत न्यावी आणि प्रत्येकीचा सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा भाग चालवून पाहावा, कारण थकलेली लेन्स कधी कधी चकतीच्या एखाद्याच भागावर अडखळते.