साडेचार हजारांचा ट्रायपॉड आणि कोकणकड्यावरचा वारा

आधीचा ट्रायपॉड सव्वादोन किलोचा होता. दणकट, पण दर ट्रेकला काही ना काही कारण निघून तो घरीच राहायचा. शेवटी बायकोने त्यावर वाळवणाची चादर बांधली, तेव्हा म्हटलं, हलका काहीतरी घ्यायलाच हवा.

मुंबईत बोरा बाजारात, कॅमेऱ्यांच्या दुकानांत दोन तास घालवले. कार्बन फायबरचे बघितले, किमती ऐकल्या, परत ठेवले. घेतला तो अॅल्युमिनियमचा. वजन 1 किलो 300 ग्रॅम, पाय उलटे दुमडून जेमतेम 35 सेंमी, त्यामुळे पूर्ण सॅकमध्ये जातो. किंमत साडेचार हजार. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. हाच नमुना वेगवेगळ्या नावांनी मिळतो, त्यामुळे नावापेक्षा घडण बघा. दुकानदार म्हणाला, “साहेब, आठ किलो झेलतो.” झेलत असेलही. माझा कॅमेरा आणि लेन्स मिळून सव्वा किलो, त्याची मला काळजीच नव्हती.

डिसेंबरात पाचनईवरून हरिश्चंद्रगडावर चढलो. सूर्यास्ताला कोकणकड्यावर. तिथला वारा समोरून नाही, खालून येतो, दरीतून उसळी मारून. खोक्यावर उंची 150 सेंमी लिहिलीय, म्हणून पाय आणि मधला दांडा पूर्ण ओढून उभा केला. दोन-दोन सेकंदांचे दहा फोटो काढले, दहाही हलले. प्रत्येक पायाचा पाचवा, सगळ्यात आतला टप्पा करंगळीएवढा बारीक. सगळा लटपटाट तिथेच. तो आत ढकलला, मधला दांडा खाली बसवला, उंची कमरेच्या खाली आली आणि मी गुडघ्यांवर. मग फोटो स्वच्छ. म्हणजे हा 150चा नाही, 100चा ट्रायपॉड आहे असं समजूनच विकत घ्या.

दांड्याखाली पिशवी अडकवायचा हूक आहे. सगळे सांगतात, सॅक लटकवा. लटकवली, तर ती वाऱ्याने घड्याळाच्या लंबकासारखी झुलायला लागली आणि ट्रायपॉडलाही झुलवू लागली. सॅक जमिनीला टेकेल अशी बांधा, दोरी नुसती ताणलेली हवी. शिवाय बटण हाताने दाबायचं नाही, दोन सेकंदांचा टायमर लावायचा आणि लेन्समधलं स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद. मी ते बंद करायला विसरलो होतो, तेव्हा सगळा दोष ट्रायपॉडच्या माथी मारणं बरं नाही.

रात्री ताऱ्यांच्या रेघा काढल्या. या रेघा ज्याच्याभोवती फिरतात तो ध्रुवतारा इथे क्षितिजापासून 19-20 अंशांवरच असतो, त्यामुळे कॅमेरा फार वर करावा लागत नाही. नशीबच म्हणायचं. कारण याचं बॉलहेड, म्हणजे कॅमेरा हवा तसा वळवायचं वरचं गोळ्याचं डोकं, हा खरा कच्चा दुवा आहे. कॅमेरा आडवा असेपर्यंत ठीक, उभा केला की कितीही आवळा, हात सोडल्यावर केसभर खाली बसतो. मी आता चौकट थोडी वर धरूनच आवळतो. कॅमेऱ्याखाली लावायची प्लेट मात्र सर्रास चालणाऱ्या आर्का पद्धतीची आहे, म्हणजे पुढेमागे त्याच पद्धतीचं चांगलं हेड घेतलं तर हीच प्लेट त्यावर चालेल.

एक पाय सुटा काढून काठी होते, ही जाहिरातीतली गंमत. उतरताना घसाऱ्यावर त्या काठीवर भार टाकला आणि लॉक सरकून ती आतच गेली. मी बसलो. काठीसाठी काठी घ्यावी.

पावसाळ्यात ओढ्यात उभा केल्यावर फिरकीच्या लॉकमध्ये वाळू गेली, करकर आवाज यायला लागला. घरी उघडून पाय साध्या पाण्याने धुतले. नळी बाहेर काढताना आतून दोन अर्धगोल प्लास्टिकच्या पट्ट्या पडतात, त्या हरवू नका. त्या खाचेत नीट बसल्या नाहीत तर नळी नुसती गोल फिरत राहते, आवळतच नाही. यात माझा एक रविवार गेला. खटक्याचे लॉक असते तर वाळू लगेच दिसली असती, पण ते झुडपांत अडकतात.

दीड वर्षात अकरा ट्रेक झाले, हा अकराही वेळा सॅकमध्ये होता. पहिल्यांदा घेणाऱ्याला मी हाच सांगेन. एका पायाचं रबर मात्र कुठल्याशा वाटेवर गळून पडलं. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडून म्हाताऱ्यांच्या काठीला लावतात तसलं बूच आणलं, वीस रुपयांना. थोडं मोठं होतं, सायकलच्या ट्यूबचा तुकडा आत घालून घट्ट बसवलंय.