लक्ष्मीपुरीतलं जुन्या बाटल्यांचं दुकान: जाताना भिंग घेऊन जावा

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत एका बोळात जुन्या सामानाचं दुकान आहे, पितळी डबे, कंदील, घड्याळं आणि अगदी मागच्या फळीवर काचेच्या बाटल्या. तीनदा जाऊन आलोय. नाव देत नाही कारण पहिल्याच खेपेला फसलो.

अंगावर उभ्या रेघा असलेली गडद निळी बाटली दाखवून मालक म्हणाले, "साहेब, ब्रिटिश काळातली विषाची बाटली हाय, सोडू नका." अठराशे सांगितले, बाराशेला घेतली. घरी येऊन उन्हात धरली तर साच्याच्या सांध्याची रेघ बुडापासून थेट ओठावरून पलीकडं गेलेली. फुंकून केलेल्या बाटलीचं तोंड शेवटी हत्यारानं फिरवून करायचे, म्हणून तिथं रेघ तोंडाच्या खालीच पुसली जाते, आणि ओठावरून गेलेली असली की मशीनची, अमेरिकेतल्या ओवेन्सचं बाटल्या करायचं ऑटोमॅटिक मशीन आलं १९०३ मध्ये. आता मशीनची म्हणजे लगेच नकली असं नाही हां, १९३० ची पण असू शकते, पण मग बूड बघायचं. खरी जुनी बाटली वर्षानुवर्षं फळीवर सरकलेली असते, कडेला बारीक ओरखडे कसेही, सगळ्या दिशांना. हिच्यावर सगळे एकाच दिशेला, पॉलिशपेपर मारल्यासारखे. तिथंच खात्री झाली.

परत घेऊन गेलो तर पैसे दिले नाहीत, दुसऱ्या मालात वळते करतो म्हणाले, ते मला अजूनही पटलेलं नाही.

मग गोटी सोड्याची बाटली घेतली. हिराम कॉडनं १८७० च्या सुमारास ती काढली म्हणून प्रत्येक गोटीवाली शंभर वर्षांची समजू नका, आपल्याकडं ती पुढं कितीतरी वर्षं बनत होती आणि आजही नवी मिळते. हिला सांध्याचा नियम पण नीट लागत नाही, कारण गोटी आत टाकल्यावरच तोंड वळवतात. अक्षरं आणि बुडाची झीज बघा, नव्या नकलेत उठावाची अक्षरं बहुतेक वेळा मऊ, वितळल्यासारखी दिसतात. काचेत बुडबुडे आहेत म्हणून जुनी, हे तर अजिबात धरू नका, आज हातानं केलेल्या काचेतही असतात.

तिसऱ्या खेपेला औषधाची बिनरंगी काचेची बाटली मिळाली, उन्हानं जरा जांभळट झालेली. जुन्या काचेत मँगनीज घालायचे त्यामुळं तसं होतं. अगदी गर्द जांभळी दिसली तर मात्र थांबा, मुद्दाम रेडिएशन देऊन पण रंग आणतात. ही फिकट आहे, सांधा मानेवरच संपतो, साडेसातशेला आली आणि मला लई आवडली.

दुकानात उजेडाला नुसती एक ट्यूबलाईट आहे, बाटली बाहेर उजेडात न्यायला मालक नाही म्हणत नाहीत.