पारी/जीपी: २५ अंकी संख्या तपासायला एक नंबर कॅल्क्युलेटर

मोठ्या संख्यांचा नाद असेल तर पारी/जीपी हा गणिताचा प्रोग्राम कॉम्प्युटरवर टाकून ठेवाच. फ्री आहे, ओपन सोर्स आहे, १९८५ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोला हेन्री कोहेन आणि त्यांच्या टीमने सुरू केलेलं आणि अजूनही त्यावर काम चालू आहे.

मी ते सगळ्यात जास्त वापरलं एकाच संख्येवर, ३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५. हिचे पहिले दोन अंक घ्या, ३६, त्याला २ ने भाग जातो, ३६० ला ३ ने, ३६०८ ला ४ ने, ३६०८५ ला ५ ने आणि असं करत करत अख्ख्या २५ अंकांना २५ ने, मध्ये कुठेही बाकी उरत नाही!! दशमान पद्धतीत अशी २५ अंकी संख्या ही एकच, आणि २६ अंकी तर एकही नाही.

साधा कॅल्क्युलेटर किंवा स्प्रेडशीट इथे कामाचं नाही कारण पंधरा-सोळा अंकांनंतर ते राउंड करतात आणि शेवटचे अंकच गेले तर बाकी काय डोंबल काढणार. जीपीत संख्या जशीच्या तशी राहते. एका ओळीचा लूप लिहिला की पंचवीसच्या पंचवीस बाक्या शून्य, एंटर मारताच समोर.

मला खरा आनंद झाला तो २६ व्या पायरीला. संख्येच्या शेवटी शून्य लावलं, २६ ने भागून बाकी विचारली, १२ आली. म्हणजे भाग जायला आणखी १४ हवेत, पण जागा एकाच अंकाची, ९ च्या वर जाताच येत नाही, संपलं! दहाव्या पायरीपर्यंत हे होत नाही कारण ० ते ९ मधला एखादा अंक बसतोच, ११ पासून पुढे मात्र खात्री नसते आणि पायरी वाढेल तशी शक्यता कमी कमी होत जाते. हे वाचून माहीत असणं वेगळं आणि ती १२ बाकी स्वतः बघणं वेगळं.

अवयव पाडायला फॅक्टर कमांड आहे, डावीकडे मूळ (प्राइम) संख्या आणि उजवीकडे घातांक असा तक्ता येतो, आपल्या संख्येला पहिल्याच ओळीत ५ आणि २, कारण २ ने, ३ ने भाग जातच नाही. विभाजक किती, त्यांची बेरीज किती, सगळ्याला कमांड आहेत.

दिसायला अगदी साधं आहे, बटणं वगैरे काही नाही, उघडलं की नुसतं प्रश्नचिन्ह. कमांड आठवत नसेल तर प्रश्नचिन्ह टाकून तिचं नाव लिहा, माहिती येते. मॅन्युअल मात्र गणितवाल्यांसाठीच आहे, नवीन माणसाला जड जाईल.

इन्स्टॉल करायचं नसेल तर ब्राउझरमध्येही चालतं. पहिल्यांदा ३८१६५४७२९ टाकून बघा, १ ते ९ सगळे अंक एकेकदाच आणि याच्याही नऊच्या नऊ पायऱ्या पास.