आंबा बागायतदाराच्या निर्णयांसाठी एक्सेल: ‘व्हॉट-इफ’ साधने आणि सॉल्व्हर

कोकणातील जे आंबा बागायतदार मायक्रोसॉफ्ट एक्सेल वापरतात, त्यांची फाइल बहुधा फवारणीचा खर्च, गड्यांची मजुरी आणि वाशीच्या घाऊक बाजारात गेलेल्या पेट्या यांच्या नोंदीवर थांबते. झालेल्या व्यवहाराची वही म्हणून ती उत्तम असते. ‘असे झाले तर काय’ (व्हॉट-इफ) हे तपासून पुढे काय करावे हे ठरवायला मदत करणारी गोल सीक, डेटा टेबल, सिनॅरिओ मॅनेजर आणि सॉल्व्हर ही साधने मात्र त्याच प्रणालीत असूनही उघडलीच जात नाहीत. हे परीक्षण या साधनांचे आहे आणि कसोटीसाठी प्रश्नही एकच घेतला आहे: मे महिन्यातला उतरता माल वाशीला पाठवावा की कॅनिंगला, म्हणजे फळ डबाबंद करणाऱ्या कारखान्याला द्यावा?

पेटीमागचा हिशेब उदाहरणापुरता असा धरू. पाच डझनांच्या पेटीत १५ किलो फळ आहे आणि कॅनिंगचा दर किलोला ३० रुपये आहे, म्हणजे तिथे ४५० रुपये मिळतात. वाशीला दलाली व इतर कपात मिळून १० टक्के, आणि पेटी, गवत, प्रतवारी, भराई व गाडीभाडे मिळून ३०० रुपये. यातला प्रत्येक आकडा स्वतंत्र चौकटीत (सेलमध्ये), नाव देऊन लिहावा आणि सूत्रात थेट आकडा कधीही घालू नये. मग गोल सीकला ‘दोन्हींतला फरक शून्य कर’ असे सांगितले की वाशीचा दर सुमारे ८३३ रुपये येतो. त्याखाली भाव गेला तर तोच माल कॅनिंगला देणे फायद्याचे. एका अज्ञात आकड्यासाठी हे साधन पुरेसे आहे. दोन आकडे एकदम बदलायचे झाल्यास ते थांबते.

खरे काम डेटा टेबल करते. आडव्या ओळीत भाव आणि उभ्या रकान्यात वाटेत खराब होणाऱ्या मालाचे प्रमाण ठेवले की सगळ्या शक्यता एकाच तक्त्यात दिसतात. १० टक्के माल खराब झाला तर वाशीचा तो ८३३ रुपयांचा उंबरठा सुमारे ९२६ वर जातो आणि २० टक्क्यांना १,०४२ वर. पावसाच्या सरी सुरू झाल्यावर डाग पडलेल्या मालाबाबत घरात जो वाद होतो, तो या तक्त्यासमोर बसून केला तर निदान नेमक्या मुद्द्यावर होतो. याच्या दोन मर्यादा आहेत. एका तक्त्यात दोनच घटक बदलता येतात आणि ज्या चौकटी बदलायच्या त्या तक्त्याच्याच पानावर असाव्या लागतात. अधिक घटक एकत्र बदलायचे असतील तर सिनॅरिओ मॅनेजर आहे. त्यात ३२ चौकटींपर्यंत बदल साठवता येतात, पण आकडे बदलल्यावर त्याचा सारांश आपोआप सुधारत नाही, म्हणून तो मला फारसा उपयोगी वाटला नाही.

सरासरीबद्दल सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण हापूस दरवर्षी सारखा फळत नाही. समजा, एका वर्षी ३०० आणि दुसऱ्या वर्षी ७०० पेट्या माल होतो, आणि पेट्या, गडी व गाडी यांची सोय ५०० पेट्यांपुरती आधीच ठरवलेली आहे. वाशीचा भाव १,२०० धरला तर पेटीमागे ७८० रुपये हाती राहतात. सरासरी ५०० पेट्यांवर हिशेब केला तर उत्पन्न ३,९०,००० दिसते. प्रत्यक्षात कमी फळाच्या वर्षी २,३४,००० आणि जास्त फळाच्या वर्षी, उरलेल्या २०० पेट्या कॅनिंगला जाऊन, ४,८०,००० येतात. म्हणजे सरासरी ३,५७,०००. पिकाची सरासरी बरोबर असूनही उत्पन्नाचा अंदाज ३३,००० रुपयांनी फुगतो, कारण चांगल्या वर्षाचा पूर्ण लाभ घेण्याची सोयच नसते. एक्सेलमध्ये पिकाच्या चौकटीत यादृच्छिक संख्येचे सूत्र घालून आणि डेटा टेबलला बदलायची चौकट म्हणून एखादी रिकामी चौकट देऊन असे हजार हंगाम एका पानावर घडवता येतात. केवळ या एका सोयीसाठी ही साधने शिकावीत, असे माझे ठाम मत आहे.

सॉल्व्हर अ‍ॅड-इन्स (एक्सेलला जोडायच्या जादा सोयी) या यादीतून चालू करावा लागतो. फ्रंटलाइन सिस्टिम्सने बनवलेल्या या साधनात २०० निर्णय-चौकटींची (ज्यांतले आकडे सॉल्व्हर स्वतः ठरवतो त्या चौकटींची) मर्यादा आहे, जी एका बागेला कधीच अपुरी पडणार नाही. वाशी, कॅनिंग आणि थेट ग्राहक यांत माल कसा वाटावा, हे गडी व गाडीच्या मर्यादा सांभाळून तो ठरवतो. त्याचा सेन्सिटिव्हिटी अहवाल विशेष मोलाचा आहे: आंबे उतरवणारा एक गडी जास्त मिळाला तर नफा किती वाढेल, हे त्यात कळते आणि ऐन हंगामात किती मजुरी परवडेल हे ठरते. पेट्या पूर्णांकातच असाव्यात अशी अट घातली तर मात्र हा अहवाल मिळत नाही. शेकडो पेट्यांच्या हिशेबात ती अट खुशाल वगळावी.

सर्वांत मोठी उणीव ही की, चुकीच्या सूत्राबद्दल एक्सेल फारच कमी वेळा सावध करते. राइनहार्ट आणि रोगॉफ या नामवंत अर्थशास्त्रज्ञांच्या कर्जविषयक निबंधात सरासरीच्या सूत्रातून पाच देश सुटले होते, हे २०१३ मध्ये उघड झाले. म्हणून हिशेबाचे प्रतिमान (मॉडेल) बनवल्यावर पीक शून्य, भाव शून्य अशी टोकाची मूल्ये घालून उत्तर पटते का ते पाहावे आणि दुसऱ्या जाणकाराकडून सूत्रे वाचून घ्यावीत.

केवळ बागेचा हिशेब असेल तर विनामूल्य मिळणारे लिब्रेऑफिस कॅल्क पुरेसे आहे; त्यात गोल सीक आणि सॉल्व्हर दोन्ही आहेत, आणि डेटा टेबलचे काम ‘मल्टिपल ऑपरेशन्स’ करते, जरी ते वापरायला थोडे अवघड आहे. वेंगुर्ले-मालवणकडील काजू प्रक्रिया उद्योजकांनी, ज्यांना गराच्या अनेक प्रतवाऱ्या, तुकडा आणि साठवण यांचा मेळ घालायचा असतो, त्यांनी मात्र पैसे मोजून एक्सेल घ्यावे आणि तेही संगणकावरचे, कारण मोबाइलवरच्या आवृत्तीत हा सॉल्व्हर चालत नाही.