गंजलेली गाडी: घासायची, कापायची की विकायची?

गोव्यात गाडीच्या गंजाबद्दल विचारलं की जो तो थेट औषध सांगतो. कोणी अंडरकोटिंग सुचवतो, कोणी टेफ्लॉन, कोणी म्हणतो लांबी, म्हणजे पुट्टी, भरून रंग मारून टाक. माझ्या मते उपाय निवडण्याआधी एकच गोष्ट ठरवावी लागते: गंज पत्र्याच्या बाहेरून लागलाय की आतून आलाय? बाहेरचा गंज वेळीच धरला तर घरीसुद्धा थांबवता येतो. आतून आलेल्या गंजावर वरून कितीही महागाचं काही लावा, तो आतल्या आत पत्रा खातच राहतो. बाजारातले सगळे पर्याय मी याच एका कसोटीवर मांडून बघतो.

किनारा आणि आतले तालुके

आपल्याकडे वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. तरी पत्र्याचा मोठा शत्रू पाऊस नाही, मीठ आहे. समुद्रावरच्या वाऱ्याबरोबर बारीक खारे तुषार येतात आणि गाडीच्या पोटाला, चाकांच्या कमानींना, दारांच्या फटींना चिकटून राहतात. हवेतला दमटपणा ७५ टक्क्यांच्या आसपास गेला की मीठ स्वतःच पाणी ओढून पाघळतं, स्वयंपाकघरातल्या बरणीत पाघळतं तसंच. म्हणून एप्रिलमध्ये पावसाचा थेंब नसतानाही मिरामार, कोलवा, कळंगुट किंवा मोरजीत उभ्या असलेल्या गाडीच्या पोटाखाली रात्रभर खारट ओल टिकून असते.

किनाऱ्यापासून एक-दोन किलोमीटर आत गेलं की हे मीठ झपाट्याने कमी होतं. फोंडा, वाळपई, सांगे इथल्या गाड्यांचं दुखणं वेगळं: लाल चिखल. तो कमानीच्या आतल्या घडीत जाऊन बसतो, वरून सुकल्यासारखा दिसतो आणि आत ओल धरून ठेवतो. त्यामुळे एकच सल्ला सगळ्या गोव्याला लागू पडत नाही. किनाऱ्यावर राहणाऱ्याने गोड्या पाण्याने पोट धुण्याला पहिला मान द्यावा, आतल्या तालुक्यातल्याने चिखल खरवडून काढण्याला.

फेरीबोटीवर गाडी नेणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. मांडवी, जुवारी, तेरेखोल या नद्यांच्या मुखाकडे उन्हाळ्यात पाणी चांगलंच खारं असतं, भर पावसात डोंगरातलं पाणी उतरल्यावर ते बरंच गोडं होतं. तेव्हा चोडण, दिवाडी किंवा केरी-तेरेखोलच्या धक्क्यावर मे महिन्यात चाकं भिजली तर त्याच दिवशी धुवा. ऑगस्टमध्ये इतकी घाई नाही.

धुताना पाणी कुठलं, हेही बघा. किनाऱ्याजवळच्या काही विहिरी आणि बोअर उन्हाळ्याच्या शेवटी मचूळ होतात. त्या पाण्याने गाडी धुणं म्हणजे तिच्यावर मीठ शिंपडणं. जिभेला खारं लागलं तर निदान शेवटचा हात तरी नळाच्या पाण्याचा असू द्या.

आधी तपासणी

गोव्यात गंज ओळखायला एक खास अडचण आहे: लाल माती आणि गंज यांचा रंग जवळजवळ एकच. म्हणून तपासणी धुऊन, सुकवून, सकाळच्या उजेडात करा. ओल्या फडक्याने डाग निघाला तर माती. राहिला आणि बोटाला खरखरीत लागला तर गंज.

आता बाहेरचा की आतला, हे ओळखायचं कसं? बाहेरचा गंज दगड लागलेल्या किंवा ओरखडा पडलेल्या जागी सुरू होतो, त्याच्या मधोमध रंग उडालेला दिसतो आणि भोवती तांबूस वर्तुळ पसरतं. आतल्या गंजाची खूण म्हणजे फोड. लोखंडाचा गंज होताना तो मूळ धातूपेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो, त्यामुळे रंग अखंड असतानाच खालून फुगतो. दाराच्या तळाची कड, मागच्या चाकावरची कमान आणि दाराखालचा लांब उंबरा, म्हणजे सिल, इथे फुगवटा दिसला तर तो बहुधा आतूनच आलेला. गाडीचा पत्रा साधारण पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो. फोड येईपर्यंत त्यातला बराचसा गेलेला असतो.

स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकं ठोकून बघा. चांगला पत्रा खणखणतो, खाल्लेला बद्द वाजतो. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा. शेजारी घट्ट धरणारं चुंबक एखाद्या जागी ढिलं पडलं तर तिथे लांबीचा जाड थर आहे. जुनी गाडी घेताना ही परीक्षा चुकवू नये, विशेषतः ती आधी काळ्या पाटीवर भाड्याने फिरलेली असेल तर, कारण अशा गाड्यांचा बराच जन्म किनाऱ्याच्या रस्त्यांवर गेलेला असतो.

मॅट उचलून खालचा गालिचा दाबा, डिकीतलं जादा चाक काढून त्याची खोबणी बघा, बॅटरीखालचा ट्रे बघा. पावसाळ्यात गाडीत कुबट वास येत असेल तर तो सुगंधी डबीने झाकू नका. कुठून तरी पाणी आत येतंय. आंब्या-फणसाखाली उभ्या राहणाऱ्या गाड्यांत बहुतेक वेळा पुढच्या काचेखालच्या जाळीत पाला अडकून पाण्याची वाट बुजलेली असते. प्रत्येक दाराच्या तळालाही पाणी बाहेर जायला बारीक भोकं असतात, ती चिखलाने बंद झाली की दार हौदासारखं भरतं. ती मोकळी करायला माडाच्या झाडूचा हीर घ्या. तारेने रंग खरवडला जातो, हिराने नाही. या गोष्टीला एक पैसा लागत नाही, आणि मला विचाराल तर गंज टाळण्याचं यापेक्षा मोलाचं काम दुसरं नाही.

ब्रेकच्या डिस्कवर रात्रीत येणाऱ्या तांबूस थराला मात्र घाबरू नका. ते ओतीव लोखंड आहे, चार वेळा ब्रेक दाबले की साफ होतं. ब्रेक ऑइलच्या लोखंडी नळ्यांवर पापुद्रे दिसले तर ते गंभीर. तिथे रंग, लेप काही चालत नाही, नळी बदलायची.

प्रतिबंध: काळं अंडरकोटिंग की मेण-तेल?

नव्या गाडीबरोबर शोरूममध्ये गळ्यात घातलं जातं ते काळं, रबरासारखं अंडरकोटिंग. त्याचा गुण खरा आहे: खडी उडून पत्र्याला लागत नाही, आवाज कमी होतो आणि ते वर्षानुवर्षं टिकतं. कोऱ्या, कोरड्या, स्वच्छ पत्र्यावर ते चांगलंच. पण वाळल्यावर ते घट्ट होतं. पुढे कुठे तडा गेला की पाणी त्याच्या खाली शिरतं, बाहेर यायला वाट नसते, आणि वरून सगळं काळंभोर सुरेख दिसत राहतं. गंज लागलेल्या पोटावर न घासता ते मारून घेणं हे काहीच न करण्यापेक्षा वाईट. निदान उघडा गंज दिसतो तरी.

मेण किंवा तेलाचा लेप मऊ राहतो. तो फटींत, सांध्यांत सरकतो आणि लांब नळीच्या पिचकारीने दारांच्या, सिलच्या पोकळीत मारता येतो. म्हणजे जिथून आतला गंज सुरू होतो, नेमका तिथे पोचतो. तोटेही आहेत. धूळ चिकटते, हात लावला तर कपडे खराब होतात, आणि पोटाखालचा लेप पाण्याने धुपत असल्यामुळे दर वर्षी पावसाआधी बघून पुन्हा मारावा लागतो. रबरी बुश आणि ब्रेकवर तो उडू न देणारा माणूस हवा.

दोन्हीतलं एकच निवडायचं असेल आणि गाडी पाच वर्षांहून जुनी असेल तर मी मेण-तेल निवडेन. गाडी नवी असेल तर पोटाला काळं आणि पोकळ्यांना मेण, अशी जोडी सर्वांत चांगली. लेप मारण्याआधी गाडीचं पोट धुऊन दोन-तीन दिवस उन्हात पूर्ण सुकलेलं हवं. घरात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, खरेदी चालते, त्याच मे महिन्याच्या दिवसांत हे उरकावं.

वापरलेलं काळं इंजिन ऑइल पोटाला फासायची जुनी पद्धत अजून कुठे कुठे दिसते. करू नका. त्यात इंजिनमध्ये तयार झालेली आम्लं आणि धातूचा कीस असतो, आणि पहिल्या पावसात ते आपल्याच अंगणातून विहिरीकडे जातं.

सिरॅमिक आणि टेफ्लॉन रंगाची चमक राखतात, ओरखड्यांपासून थोडं वाचवतात. दाराच्या आतल्या गंजाशी त्यांचा संबंध नाही. बॅटरीला जोडायची ‘गंजरोधक’ इलेक्ट्रॉनिक डबीही मिळते, ती विजेने गंज थांबवते असा दावा असतो. मालीम किंवा कुटबणच्या धक्क्यावरच्या ट्रॉलरचं लोखंड वाचवायला जस्ताचे ठोकळे लावतात आणि ते काम करतात, कारण जहाजाचा तळ सतत पाण्यात असतो आणि वीज त्या पाण्यातून फिरते. रस्त्यावरची गाडी हवेत असते, तिथे हे गणित जुळत नाही. ते पैसे मेणाला वापरा.

गाडी ठेवण्याबद्दल थोडक्यात: चारी बाजूंनी बंद, दमट गॅरेजपेक्षा वर पत्रा आणि बाजू मोकळ्या अशी शेड बरी. पावसाळ्यात प्लास्टिकचं कव्हर ओल्या गाडीवर घालू नये.

दुरुस्ती: कोणत्या गंजाला काय?

वरवरच्या ठिपक्याला दोन रस्ते आहेत. पहिला, पॉलिश पेपर आणि वायर ब्रशने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासणं, त्यावर इपॉक्सी प्रायमर, मग रंग. दुसरा, रस्ट कन्व्हर्टर. त्यातलं फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्ल गंजाचं रूपांतर न पसरणाऱ्या काळ्या-करड्या थरात करतं. जिथे हात पोचतो तिथे घासणं नेहमीच सरस. कन्व्हर्टर खड्ड्या-कोपऱ्यांत, पेपर पोचत नाही अशा जागी वापरावा, तोही सुटे पापुद्रे झाडून टाकल्यावर, आणि वर प्रायमर-रंग हवाच. उघडा धातू आपल्या हवेत काही तासांत पिवळसर पडू लागतो, म्हणून घासणं आणि प्रायमर एकाच दिवशी. हे काम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत, हवा कोरडी असताना करावं. जुलैत कोणी ‘उद्याच करून देतो’ म्हणाला तर थांबलेलं बरं.

फोडांखाली भोक निघालं की खरा निर्णय येतो: लांबी भरायची की पत्रा कापायचा? लांबी स्वस्त आणि झटपट, आणि गाडी घरी येते तेव्हा नव्यासारखी दिसते. पण लांबी सच्छिद्र असते, ओल शोषते, आणि मागचा गंज तसाच असतो. एखाद-दोन पावसाळ्यांत त्याच जागी फोड पुन्हा उठतात. दुसरा रस्ता म्हणजे खाल्लेला भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापून नवा तुकडा वेल्ड करणं. खर्च कितीतरी जास्त, गाडी आठवडाभर गॅरेजमध्ये, पण टिकणारं काम तेच. गाडी वर्षभरात भंगारातच जाणार असेल तर दाराच्या तळाला लांबी चालेल. सिल, चेसिसचे पट्टे, सस्पेन्शन जिथे बसतं ते भाग, सीटबेल्टचे बोल्ट जिथे आवळलेले असतात त्या जागा, इथे लांबीला हात लावू देऊ नका. अपघातात मुलांना वाचवणारा सांगाडा तोच आहे.

पुढचा फेंडर बोल्टने बसतो. तो दुरुस्त करत बसण्यापेक्षा बदलणं स्वस्त पडतं. बदलताना कंपनीचा मूळ भाग घ्यावा असं माझं मत आहे, कारण त्यावर कारखान्यात विजेच्या साहाय्याने बसवलेला प्रायमर असतो. बाजारातल्या स्वस्त नकलेवर तो तितक्या दर्जाचा असेलच असं नाही. मागची कमान सांगाड्याला वेल्ड केलेली असते, तिथे कापण्याशिवाय इलाज नाही.

एक गोष्ट चांगले मेस्त्रीही विसरतात. वेल्डिंगच्या उष्णतेने पत्र्याच्या मागच्या बाजूचा प्रायमर जळून जातो. बाहेर झकास रंग आणि आत उघडं लोखंड, अशी स्थिती होते. काम थंड झाल्यावर मागून मेण मारलं का, हे विचारा. ‘कशाला?’ असं उत्तर आलं तर दुसरं गॅरेज बघा. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची तार काढायलाही सांगा.

अधिकृत वर्कशॉप बहुधा पूर्ण भागच बदलायला सांगतं, बिल मोठं येतं, पण लेखी पावती मिळते. छोट्या गॅरेजमध्ये तुकडा कापून काम होतं, पैसे वाचतात, आणि मुख्य म्हणजे तुम्हाला समोर उभं राहून बघता येतं. गंजाच्या कामात मी ओळखीच्या छोट्या गॅरेजकडे झुकतो. अट एकच: कापल्यावर, वेल्ड केल्यावर आणि प्रायमर मारल्यावर फोटो हवेत. रंगाखाली काय आहे हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. आणि विम्यावर भिस्त ठेवू नका, झीज आणि गंज नेहमीच्या पॉलिसीत बसत नाहीत.

विकायची कधी?

फेंडर, दारं, बॉनेट गंजली तरी इंजिन चांगलं असेल तर गाडी ठेवावी. दोन्ही सिल आणि चेसिसचे पट्टे एकदमच खाल्लेले असतील तर दुरुस्तीचा अंदाज आणि गाडीची आजची किंमत समोरासमोर लिहा. खर्च निम्म्यावर गेला तर मी विकायच्या बाजूने कौल देतो. नोंदणीला १५ वर्षं पूर्ण होत आली असतील तर हिशेब आणखी कडक करा, कारण पुढच्या ५ वर्षांच्या नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला उभी करावी लागते. त्या तारखेच्या सहा महिने आधी ती लिफ्टवर चढवून पोट बघून घ्या, म्हणजे कोरड्या हंगामात काम करायला वेळ उरतो. आणि विकायची ठरलीच तर घेणाऱ्याला सिलची अवस्था दाखवून विका. त्या सीटवर उद्या त्याचीही मुलं बसणार आहेत.