हायपरकट्स की एफिकट्स: मेमरी खातंय कोण?

टपालाचे खण मनात आणा: सीताबर्डी ४४००१२, धरमपेठ ४४००१०. पण ‘सगळ्या नागपूरसाठी’ अशी सूचना आली, की तिची प्रत प्रत्येक खणात टाकावी लागते. नेटवर्कवर आलेलं डेटाचं पॅकेट कोणत्या नियमात बसतं हे ठरवणं म्हणजे पॅकेट वर्गीकरण. त्यासाठीच्या डिसिजन ट्रीत (फांद्याफांद्यांनी निर्णयापर्यंत नेणाऱ्या रचनेत) मेमरी फुगते ती नेमकी अशीच.

असं ट्री बांधायची २००३ मधली पद्धत, हायपरकट्स, एका नोडवर (फांद्या फुटतात त्या जागी) अनेक फील्ड (पत्ता, पोर्ट असे पॅकेटचे रकाने) एकदम, समान रुंदीत कापते. ट्री उथळ राहतं, शोध झटपट होतो. मात्र ज्या नियमात सोर्स अॅड्रेस (पाठवणाऱ्याचा पत्ता) ‘कोणताही’ आहे, तो कापलेल्या प्रत्येक भागात पुन्हा लिहिला जातो.

२०१० मधल्या एफिकट्स या पद्धतीने दुखण्याचं मूळ धरलं. नियम कोणत्या फील्डमध्ये रुंद (जवळपास काहीही चालणारा) आणि कोणत्यात अरुंद, हे पाहून नियमांचे गट पाडायचे आणि प्रत्येक गटाला वेगळं ट्री द्यायचं. मला ही कल्पना फार सुंदर वाटते. १,००० ते १,००,००० नियमांवर हायपरकट्सपेक्षा ५७ पट कमी मेमरी लागल्याचं त्याच्या कर्त्यांनी नोंदवलंय. किंमत एवढीच, की एका पॅकेटसाठी अनेक ट्री चाळावी लागतात. म्हणून काही ट्री पुन्हा जोडतात.

शे-दोनशे नियमांच्या फायरवॉलला हायपरकट्स पुरे. हजारोंच्या घरात गेलात, तर मी एफिकट्सच घेईन.